झाकणाच्या आतला खडू

शरच्चंद्र टोकेकर शांत स्वभावाचे होते, असं आता कोणी माझ्या तोंडावर बोलून दाखवावं. मागच्या महिन्यात इंदूरला राजेंद्र नगरच्या हॉलमध्ये त्यांची शोकसभा झाली, तिथे एकापाठोपाठ एक चौघे जण हेच बोलले. शांत, समाधानी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या अंगाची नुसती आग होत होती.

चौथा देवेंद्र होता. आता केस पिकलेत त्याचे, पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, खास विमानानं आला. माईक हातात घेऊन बोलला, "काकांनी मला काम शिकवलं. अख्ख्या आयुष्यात एकदाच ते बदल लिहायला विसरले, आणि त्याची किंमतही त्यांनी हसत हसत मोजली." पुढच्या रांगेत टोकेकरकाकू बसल्या होत्या. त्यांची मान हलली नाही.

हसत हसत! कोण हसत होतं रे तिथे? आणि विसरले म्हणे. ते विसरले नव्हते. हे सांगायला मी बसलेय, आणि मला राग आवरत नाहीये, तो का ते पुढे कळेलच.

टोकेकरकाकांचे वडील नगरहून इंदूरला मिलमध्ये टाइमकीपर म्हणून आले. काका विसाव्या वर्षी त्याच मिलच्या इलेक्ट्रिकल खात्यात लागले आणि पंचवीस वर्षं तिथेच होते. माझे वडील त्याच मिलमध्ये विणकामात. एक दिवस गेटला कुलूप लागलं आणि बाजूला कागद चिकटवला. बस, खतम. तेव्हा पेपरात रोज यायचं की देश आता खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येणार, कामच काम होणार. आमच्या घरात मात्र वडील दुपारी बारा वाजता खाटेवर बसून भिंतीकडे बघायचे. अशी पाच हजार घरं असतील. ज्यांनी मशिनी जुन्या होऊ दिल्या, दुरुस्तीचा पैसा दुसरीकडे वळवला, त्यांच्यातलं कोणी खाटेवर बसलेलं मी नाही पाहिलं.

काकांनी पुढची चार वर्षं एका दुकानात पंख्याच्या मोटारी भरल्या. तांब्याची तार गुंडाळत बसायचं, दिवसभर. मिलमध्ये शेवटी शेवटी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले होते, ते दुरुस्त करता करता त्यांनी इंग्रजी पुस्तकं वाचून काढली होती. ते ज्ञान तारेत गुंडाळून ठेवायची पाळी आली. मग शहाण्णव साली इंदूरच्याच सांवेर रोडवर धनेशजी नावाच्या मालकाच्या शेडमध्ये, छोट्या कारखान्यात, त्यांना काम मिळालं. टेंपररी. मीही तिथेच टेस्टिंगला होते, डिप्लोमा करून लागलेली, मीही टेंपररी. आम्ही कपडा रंगवायच्या मशिनींसाठी लोखंडी पेट्या बनवायचो. पेटी रंगाच्या कुंडाचं तापमान सांभाळायची. आत एक छोटासा कॉम्प्युटर, त्यात चिपवर बसवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. ना स्क्रीन, ना कीबोर्ड. एक केबल लावायची, तेव्हा आतलं दोन ओळी बोलणं दिसायचं.

आता पाटीची गोष्ट सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

मिलमध्ये इलेक्ट्रिकल खात्याच्या प्रत्येक पॅनेलला एक पाटी असायची. पाळी संपली की जाणाऱ्यानं तिच्यावर खडूनं लिहायचं, मी आज इथे काय बदललं. येणारा जोडीदार आधी पाटी वाचणार, मग हात लावणार. काका याचे दोन कायदे सांगायचे. पहिला, पाटी कोरी असेल तर काहीही बदललेलं नाही, डोळे मिटून हात घाल. दुसरा, जोडीदाराची चूक जोडीदारानं निस्तरायची, ती साहेबाच्या टेबलावर न्यायची नाही. ज्याची चूक असेल तो स्वतः जाऊन सांगेल.

शेडमध्ये पाट्या नव्हत्या. काका पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचे. पत्र्याला काळा रंग असायचा, त्यावर पांढरा खडू छान उमटायचा. तारीख, बदल, खाली सही. देवेंद्र तेव्हा नवा इंजिनियर, कॉलेजमधून ताजा आलेला. तो पहिल्यांदा हसला. "क्या काका, शाळा आहे का? फाईलमध्ये लिहा ना." काका बोलले, "फाईल उघडायला केबल लागते. झाकण उघडायला दोन बोटं लागतात." महिन्याभरात देवेंद्रही हात लावायच्या आधी झाकण बघायला लागला. एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्याची ऑर्डर आली. आठ पेट्या, पण सगळ्या त्यांच्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या पाहिजेत. साहेब एसीत बसून आठही कुंडांचं तापमान बघणार. धनेशजींनी हो म्हणून टाकलं. मग नवी कार्डं महाग पडतात म्हणून कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून जुनी नेटवर्क कार्डं उचलून आणली. बरोबर ड्रायव्हरची फ्लॉपी नाही, पुस्तक नाही, काही नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि पेटीची ऑपरेटिंग सिस्टीम यांची बोलणी करून देणारा प्रोग्राम. तो नसेल तर कार्ड म्हणजे हिरवा पत्रा. देवेंद्रनं आठ दिवस डोकं फोडलं आणि हात वर केले.

धनेशजी सगळ्यांसमोर काकांना बोलले, "टोकेकरजी, ये चला दो, दसऱ्यानंतर तुमचं पर्मनंटचं लेटर पक्कं. नहीं चला तो भिया, ओपन मार्केट है, मी तरी किती दिवस सांभाळू?" काका एक्कावन्नचे होते. एकदा मिलनं काढलेलं, आता परत रस्त्यावर आले असते तर एक्कावन्नाव्या वर्षी त्यांना कोण उभं करणार होतं? तारेचं दुकान. तेवढंच.

काकांनी चालवलं. भिंगानं चिपवरचा नंबर वाचला, त्या चिपचा जुना ड्रायव्हर कुठून तरी मिळवला, देवेंद्रला शेजारी बसवून पेटीच्या सिस्टीममध्ये बसवला. तरी कार्ड मुकं. मग त्यांनी आम्हाला समजावलं. कार्डाकडे काही आलं की ते एका ठरलेल्या नंबरच्या तारेवरून कॉम्प्युटरला हाक मारतं. हा नंबर दोन जागी ठरतो. एक कार्डावर, पिनांवरची बारकी काळी टोपी हलवून. तिला जंपर म्हणतात. दुसरा ड्रायव्हरच्या फाईलमध्ये. दोन्ही जागी एकच नंबर पाहिजे. कार्ड दहावर हाक मारतंय आणि ड्रायव्हर पाचवर कान लावून बसलाय, तर काय ऐकू येणार कपाळ?

सगळ्या पेट्या पाच नंबरवर लावल्या. पाच पेट्या बोलायला लागल्या. तीन, सहा आणि सात नंबरच्या पेटीत अलार्मचं एक जादा कार्ड होतं, त्यानं पाच नंबर आधीच अडवलेला. काकांनी त्या तिघींचे जंपर दहावर नेले, फाईलमध्येही दहा केलं, आणि झाकणात खडूनं लिहिलं. नवमीच्या आदल्या दिवशी मी आठही पेट्या तपासल्या, आठही चालल्या. माझ्या टेस्टच्या कागदावर नंबरबिंबर काही नव्हतं, नुसतं ओके, ओके, ओके.

खंडेनवमीला काका रजेवर. त्यांच्या घरी नवरात्र उठायचं, आणि त्या दिवशी ते हत्याराला हात लावत नसत. धनेशजींनी फर्मान काढलं, "आठही पेट्यांची पूजा, उद्या सकाळच्या मुहूर्तावर गाडी निघणार. सब चमकना चाहिए." काम माझ्याकडे आलं. मी मिलवाल्याची मुलगी. नवमीला मशीन आतून-बाहेरून पुसायची, नुसतं वरवर पुसून कुंकू लावणं म्हणजे देवाला फसवणं, हे मला वडिलांनी शिकवलेलं. विणकाम खात्यात माग असे पुसायचे की तळहात फिरवला तर काळा होऊ नये. आणि विणकामातही पाट्या होत्या. त्या नवमीला धुवायचे. जुनं वर्ष संपलं, दसऱ्याला माग नव्यानं सुरू, पाटी कोरी. लहानपणी वडिलांबरोबर जाऊन मी स्वतः धुतल्या होत्या त्या पाट्या.

मी आठही झाकणं उघडली आणि ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली. खडू गेला. काळ्या पत्र्यावर मधोमध कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल. सुंदर दिसत होत्या पेट्या. मला अभिमान वाटला, काय सांगू!

इलेक्ट्रिकल खात्यात नवमीलाही पाटी धुवायची पद्धत नव्हती. एकाच मिलच्या दोन खात्यांत दोन रीती असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि काकांनीही कधी सांगितलं नाही, कारण पाटी कोणी पुसेल हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल.

त्याच संध्याकाळी पीथमपूरहून फोन आला की नेटवर्कचे पत्ते बदललेत, आठही पेट्यांत नवे घाला. दसऱ्याला सकाळी देवेंद्र एकटा आला. शिकवल्याप्रमाणे त्यानं आधी झाकणं उघडली. कोरी. कोरी पाटी म्हणजे काही बदललेलं नाही. त्यानं आपली मूळ पाच नंबरवाली फाईल घेतली, पत्ते बदलले आणि आठही पेट्यांत टाकली. अरे, पेटीतली आधीची फाईल उघडून वाचायला काय हात मोडले होते? पण घाई होती, मुहूर्त होता, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. एक नंबरची पेटी चालवून बघितली, चालली. बाकीच्या खोक्यात गेल्या. नारळ फुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे पीथमपूरला, काका, देवेंद्र, मी आणि धनेशजी. पेट्या मशिनींवर चढल्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाच तापमानं दिसली. तीन, सहा, सात रिकामे. त्यांच्या मॅनेजरनं सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "धनेशजी, ये तीन गूंगे भेजे हैं क्या?" लोक हसले. धनेशजींचं तोंड लाल झालं.

काकांनी तीन नंबरच्या पेटीला केबल लावली. फाईलमध्ये पाच. ते चपापले. झाकण उघडलं, जंपर बघितला, दहावर. मग त्यांनी झाकणाची आतली बाजू आपल्याकडे वळवली. स्वच्छ काळा पत्रा, मध्ये माझं कुंकू.

त्या क्षणी मला कळलं. देवेंद्र पुटपुटला, "काका, मी बघितलं होतं हो, कोरी होती." काकांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. ते काम करायला बसले. पाचाचं दहा, सिस्टीम परत सुरू, पुढची पेटी. सव्वा तासात आठही तापमानं स्क्रीनवर. काम झालं होतं, ऑर्डर वाचली होती. पण धनेशजींना कोणीतरी पाहिजे होतं, मॅनेजरसमोर कापायला.

"नंबर किसने बदला था?"

"मी," काका बोलले.

"तो लिखा क्यों नहीं? दिवसभर खडू घेऊन फिरता ना तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, घाई न करता. माझ्या हातात टेस्टचा कागद होता, मी त्याची घडी घातली, उघडली, परत घातली. वडील घरी बसलेले, मी टेंपररी. मी खाली बघितलं.

"लिहायचं राहिलं असेल," काका बोलले.

"टोकेकरजी, ये मिल नहीं है," धनेशजी ओरडले. "तिथे चालत असेल असा कारभार, म्हणूनच बंद पडली." पंचवीस वर्षं एक पाटी न चुकवलेल्या माणसाला! मला त्या वेळी धनेशजींचा गळा धरावासा वाटला. वाटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी शेडवर काकांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. त्यांनी डबा उचलला, खडूचा डबाही उचलला आणि गेले.

मी घरी आल्यावर सगळ्यांना शिव्या दिल्या. भंगार कार्डं आणणाऱ्या धनेशजींना, फाईल न वाचणाऱ्या देवेंद्रला, पत्ते बदलणाऱ्या पीथमपूरवाल्यांना, मिल बंद करणाऱ्यांना, सरकारला. वडील ऐकत राहिले. मी नाव घेतलं नाही ते फक्त एकीचं.

मार्चमध्ये मला पर्मनंटचं लेटर मिळालं. काकांच्या जागेवर. त्याच आठवड्यात मी राजेंद्र नगरला त्यांच्या घरी गेले, पेढे नेले नाहीत एवढी अक्कल होती. काका ओसरीवर पंख्याची मोटर भरत बसले होते. काकू दारात उभ्या होत्या. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं की पाट्या मी पुसल्या, आमच्या खात्यात धुवायचे म्हणून पुसल्या, मला माफ करा.

"ठाऊक आहे मला," काका बोलले. "कुंकू काय देवेंद्र लावणार होता?"

मला रडू आलं. मी बोलले, "काका, तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात—"

तेव्हा तो शांत माणूस उठला. तारेचं रीळ त्यांच्या मांडीवरून घरंगळत अंगणात गेलं. "तुझ्यासाठी? कोणी सांगितलं तुला? मी थांबलो होतो, अरुंधती! तुझ्याकडे बघून थांबलो होतो, की आता ही बोलेल. मिलवाल्याची पोर आहे, आपली चूक आपल्या तोंडानं सांगेल. दुसऱ्याची चूक साहेबापुढे काढायची नाही हा कायदा होता, पण आपली लपवायची असा कायदा कुठल्या खात्यात होता? सांग ना, विणकामात होता का?" त्यांचा आवाज शेजारपाजारी गेला. बायका बाहेर आल्या. "लेटर मिळालं ना तुला? मिळालं, म्हणून आलीस. आता इथे कशाला सांगतेस? मला काय नवीन आहे त्यात? सांवेर रोडला जा. ज्यांच्यासमोर माझं नाव गेलं, त्यांच्यासमोर उभी राहून सांग. जा!"

मी हो म्हटलं. टेम्पोत बसले. टेम्पो गावातून जात होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. माझा स्टॉप आला, मी उतरले आणि घरी गेले. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग धनेशजींनी शेड विकली, देवेंद्र पुण्याला गेला, मला दुसरीकडे काम मिळालं. काका परत कधी माझ्याशी बोलले नाहीत. लग्नाची पत्रिका दिली तर घेतली, आले नाहीत. वीस वर्षं त्यांनी मोटारी भरल्या, आणि जो भेटेल तो म्हणायचा, चांगले कारागीर हो, पण त्या एका वेळी चुकले.

शोकसभेत माईक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी उभी राहिले. "देवेंद्र चुकीचं बोलला," मी म्हटलं. "टोकेकरकाका लिहायला विसरले नव्हते. तीन, सहा आणि सात नंबरच्या पेटीत त्यांनी लिहिलं होतं. ते मी पुसलं. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली." आवाज चढला होता माझा, कोणावर ओरडत होते कोण जाणे. देवेंद्र तोंड उघडं टाकून बघत होता.

मग काकूंनी पुढच्या रांगेतून मान वळवली. रडत नव्हत्या.

"तुला सांवेर रोडला पाठवलं होतं त्यांनी," त्या बोलल्या. "राजेंद्र नगरपासून किती लांब आहे गं तो?"